पोट भिजण्याइतकं पाणी

आई, यंदाही टिटवीने आपल्या खाचराच्या मधल्या बांधावर अंडी घातली, आणि यंदा मी तिच्यापायी घरात भांडले. चांगलीच भांडले. काकू आठवडाभर माझ्याशी धड बोलत नव्हती आणि तिच्या लेकाने मला व्हॉट्सअपवर ब्लॉक केलं होतं. तुला हे सगळं कागदावर सांगायला बसलेय, कारण या भांडणातला निम्मा राग तुझ्या वेळचा होता. तो कोणीतरी काढायलाच हवा होता, तर मी काढला.

तू गेलीस तेव्हा मी बारावीला होते, त्यामुळे मी पुढे काय झाले ते तुला ठाऊक नाही. मीरा रोडला एका दवाखान्यात मी नोकरी करते. मूल होत नाही अशी जोडपी तिथे येतात. बाहेर डॉक्टर त्यांच्याशी बोलतात आणि मी आत एका बंद खोलीत असते. बाईचं बीज आणि पुरुषाचं बीज काचेच्या बशीत एकत्र आणायचं, त्यातून गर्भ धरला की तो एका यंत्रात ठेवायचा, बाईच्या पोटात असते तेवढ्याच उबेत. ऊब जराशी इकडची तिकडे झाली की ते यंत्र बोंबलायला लागतं आणि मी हातातलं जेवण टाकून पळते. माझ्या सासूबाईंना शेजारणी विचारतात, सून काय करते, तर त्या सांगतात, अंडी उबवते. आधी मला राग यायचा. आता वाटतं, इतकं नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

तुझं मिठागर आता नाही. म्हणजे जमीन आहे, पण मीठ नाही. वाफे सुकलेत, बांध फुटलेत, त्यात गवत माजलंय. मला मात्र तिथला एक दिवस अजून लख्ख दिसतो. मी शाळेला सुट्टी म्हणून तुझ्या मागे आलेय. तू डोक्यावर मिठाची टोपली घेऊन चाललीयस आणि पुढच्या बांधावर चिंधी बांधलेली काठी रोवलीय. ती काठी दिसली की सगळ्या बाया वळसा घालून जातात, कारण काठीपाशी टिटवीची अंडी आहेत. वळसा मोठा आहे, उन्हाने पाय पोळतायत, पण कोणी कुरकुर करत नाही. ही तुमची रीतच होती. मग मुकादम येतो. आभाळ येईल, मीठ भिजेल, सरळ बांधावरून चाला, असं ओरडतो आणि जाऊन काठी उपटतो. तू टोपली खाली ठेवतेस. तुझं बघून मागची ठेवते, तिचं बघून तिच्या मागची. तू कंबरेवर हात ठेवून त्याला म्हणतेस, "काठी परत लाव. न्हाय तं आज मीठ हितंच र्‍हाईल." त्याने काठी परत लावली. त्या गडबडीत मी हळूच पुढे गेले आणि एक अंडं उचलायला हात घातला, तर तू माझ्या पाठीत असा धपाटा घातलास की मुकादमसुद्धा दचकला. मी रडले, तर म्हणालीस, तिचं तिला कलतं, तू मध्ये पडू नको.

तो धपाटा मला पुष्कळ वर्षं अन्याय वाटला. तू गेल्यावर काकूने एकदा भाकऱ्या थापता थापता सहज सांगितलं, की मी व्हायच्या आधी कितीतरी वर्षं तुला गावात वांझ म्हणायचे. कोणाचं डोहाळजेवण असलं की तुला बोलावणं नसायचं. पहाटे कामाला निघताना तू समोर आलीस तर एक म्हातारी घरात परत जाऊन पाणी पिऊन यायची. तुला वैद्याकडे नेलं, मांत्रिकाकडे नेलं, उपास करायला लावले, कसला तरी कडू काढा पाजला. बाबांना कुठेच नेलं नाही. बाबा तेव्हा भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात भट्टीवर होते. सगळा दिवस भट्टीच्या तोंडाशी, घरी यायचे ते लालबुंद होऊन. मग कारखाना बंद पडला, बाबा मिठागरावर आले, तिथे निदान खाडीचा वारा होता, आणि वर्ष-दीड वर्षात तुला दिवस गेले. नवस फळला असं सगळ्यांनी ठरवलं. तूही तेच मानत होतीस. मी खात्रीने काही सांगू शकत नाही, बाबांची तपासणी कोणी केलीच नाही. पण आज भट्टीवरचा माणूस माझ्या दवाखान्यात आला, तर डॉक्टर त्याला पहिला प्रश्न त्याच्या कामाचा विचारतात. पुरुषाच्या बीजाला उष्णता सोसत नाही. ते शरीराच्या बाहेर, जरा गारव्याला ठेवलेलं असतं, ते काही उगाच नाही. परवाच काशीमीऱ्याचा एक बेकरीवाला आला होता, सोबत त्याची आई, आणि ती सुनेकडे बोट दाखवून म्हणत होती, इसका सब टेस्ट करो. मी खरं तर बाहेर बोलायचं नसतं, पण बोलले. म्हटलं, माँजी, पहले आपके बेटे का करेंगे. बाईचं तोंड बघण्यासारखं झालं. मला तेव्हा तू आठवलीस आणि फार वाईट वाटलं, आई. माझ्यासारखं एक माणूस तुझ्या वेळी असतं तर.

आता टिटवीचं सांगते. माणूस निदान सावलीत जाऊन बसेल, पंखा लावेल. रानातल्या, खाडीतल्या जीवांचं तसं नाही. मी कामासाठी वाचते तेव्हा त्यांच्याबद्दलही वाचते. उन्हाने जनावर मरतं हे आपल्याला दिसतं, पण त्याच्या कितीतरी आधी, अजून हिंडतंय-फिरतंय, खातंय तेव्हाच, त्याला पिल्लं होणं बंद होऊ शकतं. चिलटांचं तसं आहे, भुंग्यांचं आहे, काही माशांचं आणि पाखरांचंही. नराचं बीज दुबळं होतं, मादीचं अंडं धरत नाही, धरलं तर आतला जीव तापून जातो. बाहेरून काही कळत नाही. आपण म्हणतो, आहेत की अजून, काल तर ओरडत होत्या. ओरडतातच. एक दिवस ओरडणाऱ्या म्हाताऱ्या होऊन संपतात आणि त्यांच्या मागून कोणी येत नाही.

घोडबंदरचं आपलं खाचर पडीकच आहे. भात लावणं बंद होऊन जमाना झाला. एका बाजूला खाडी आणि तिवरं, दुसऱ्या बाजूला हायवे. मी रविवारी काकूला भेटायला येते तेव्हा तिथे एक फेरी मारते. गेल्या वर्षी आणि त्याच्या आदल्या वर्षी टिटव्यांची जोडी त्याच बांधावर बसली, दिवस भरून वर गेले तरी बसून राहिली, आणि काहीच निघालं नाही. दोन्ही वर्षी चैत्रातच असं ऊन होतं की बांधावर चप्पल चिकटायची. जोडी उठून गेल्यावर एक अंडं तडकून पडलं होतं ते मी पाहिलं. आत नुसतं गढूळ पाणी. मुळात फळलंच नव्हतं, की फळून पहिल्या दिवसांतच तापून गेलं, ते माझ्या नजरेला ओळखता आलं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली गर्भ बघणारी मी, मला तडकलेल्या अंड्यातलं कळेना.

यंदा परत अंडी दिसली तेव्हा मी आनंदाने काकूला सांगायला गेले. ती ओटीवर कोळंबी सोलत बसली होती. वर न बघता म्हणाली, "ती टिटवी वांझ हाय गो. उगाच जीव नको जालू." तो शब्द तिच्या तोंडातून इतका सहज आला की तिला स्वतःलाही कळलं नाही ती कोणासमोर बोलतेय. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, काकू, हा शब्द माझ्यासमोर पुन्हा काढायचा नाही, ना बाईसाठी, ना पाखरासाठी. ती म्हणाली, बघ, शिकून शिंगं फुटली. मी तशीच बाहेर पडले, आणि बांधापर्यंत पोचेपर्यंत ठरवून टाकलं होतं, की यंदा या अंड्यांतून पिल्लू निघालंच पाहिजे. एक तरी. काय करायचं ते माहीत नव्हतं, पण करायचं हे पक्कं होतं.

पहिल्यांदा मी जे केलं ते माझ्यासारखीच बाई करेल. माझ्या खोलीत सगळं झाकून ठेवायची सवय. गर्भाला ऊन नको, उजेड नको, वारा नको. मी मीरा रोडच्या आमच्या बाल्कनीतली हिरवी जाळी सोडवून आणली आणि चार बांबूंवर अंड्यांच्या वर ताणून बांधली. छान सावली पडली. मी स्वतःवर खूश. टिटवी मात्र दूर उभी राहून असा कल्ला करायला लागली की हायवेवरच्या गॅरेजमधले लोक बघायला आले. जाळीखाली जाईना. तिला चारी बाजू मोकळ्या दिसायला हव्यात, कुत्रं येतंय की घार येतेय ते कळायला हवं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी घाईघाईने जाळी ओरबाडून काढली, हात खरचटले, आणि लांब जाऊन एका पडक्या भिंतीआड बसले. थोड्या वेळाने ती आली आणि अंड्यांवर बसली. पाठीत तुझा धपाटा बसल्यासारखं मला वाटलं.

पण बसून राहिले म्हणून दिसलं. त्या दोघांच्या पाळ्या असतात, नरही बसतो, हे बघून मला बरं वाटलं, दवाखान्यात सांगण्यासारखं आहे. ऊन चढलं की बसलेला चोच उघडी टाकून धापा टाकतो. दुसरा उडून जातो तो हायवेच्या कडेला, जिथे ट्रक धुतात तिथल्या डबक्यात. त्या डबक्यात बसून तो पोटाची पिसं भिजवतो आणि परत येऊन ते ओलं पोट अंड्यांवर टेकवतो. आई, मी दवाखान्यात लाखोंचं यंत्र सांभाळते आणि हे पाखरू पोटावर पाणी आणून अंडी गार करतंय. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. पण डबकं दूर होतं. जाणाऱ्याला यायला वेळ लागायचा आणि बसलेल्याला तेवढा दम निघायचा नाही, तो उठून जायचा. तेवढा वेळ अंडी भर उन्हात उघडी. खाडी जवळ आहे, पण मध्ये दाट तिवरं आणि ओहोटीला पाणी कुठच्या कुठे. म्हणजे त्यांना सावली नको होती. बांधाच्या पायथ्याशी पोट भिजण्याइतकं पाणी हवं होतं.

आणि पाणी आणायची सोय आपल्याकडे होती. खाडीच्या बांधातली आपली उघाडी. तू आणि बाबा तिच्या फळ्या सरकवून भाताच्या दिवसांत पाणी सोडायचात, अडवायचात. अमावास्येची मोठी भरती आपल्याकडे भर दुपारी येते, तेव्हा फळ्या काढल्या की खाडी आत. खारं पाणी शेताचं वाटोळं करतं म्हणून कोणी मुद्दाम घेत नाही, पण आता वाटोळं व्हायला शेत होतं कुठे? मी चुलतभावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, पाणी अजिबात सोडायचं न्हाय. डंपरवाल्याला जुबान दिलीय मी. पुढच्या हप्त्यात भरणी चालू होतेय." मग कळलं. खाचरात डेब्रिज टाकून जमीन वर आणायची आणि गोदामवाल्याच्या ट्रकांना उभं राहायला द्यायची, असं त्याचं ठरलं होतं. मला कोणी विचारलंच नव्हतं. सातबाऱ्यावर बाबांच्या जागी माझं नाव लागलंय, हे तो विसरला असेल तर मी आठवण करून दिली. म्हटलं, डंपर आला तर मी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसेन आणि आधी पोलिसांना फोन करेन, मग तुला. तो म्हणाला, एका पाखरासाठी घरात भांडतेस. मी म्हटलं, हो, भांडतेय. तेव्हाच त्याने मला ब्लॉक केलं.

अमावास्येला मी रजा घेतली. नवरा म्हणाला, मी येतो, पण त्याला चिखलात उभंही राहता येत नाही, त्याला म्हटलं तू डबा कर. उघाडीपाशी गेले तर फळ्या वर्षानुवर्षं न हलवलेल्या, फुगून बसलेल्या. भरती चढत होती. मी पहारीने ठोकलं, ओढलं, गुडघ्यापर्यंत चिखलात रुतले, एक शिवीसुद्धा दिली. फळी हलेना. भरती उतरली की पुढची एवढी मोठी भरती पौर्णिमेला, आणि तोवर अंडी टिकली नसती. मागून कोणीतरी म्हणालं, अशी न्हाय निघणार ती. चुलतभाऊ बांधावर उभा. मला वाटलं, आता हा मला हाताला धरून बाहेर काढणार. त्याने चपला काढून बांधावर ठेवल्या. मग म्हणाला, आईने सांगितलं. मी विचारलं, काय सांगितलं? तर तो खाली बघत म्हणाला, "काकीला आपण लय बोल लावले. तेवढं तरी फेड, म्हनाली." काकी म्हणजे तू. मग पँट दुमडून उतरला. आम्ही दोघांनी मिळून पहार घातली, त्याने खांदा लावला, आणि फळी एकदम सुटली ती मला घेऊनच. मी पाण्यात बसले. खाडी आत घुसली. तो हसायला लागला आणि मीही हसायला लागले, तोंडात चिखल.

पाणी किती घ्यायचं याची मला धास्ती होती, कारण मधला बांध बुटका आहे. टिटवी वर ओरडत घिरट्या घालत होती. पाणी बांधाच्या पायथ्याला लागून जरा वर आलं तशी मी ओरडले आणि त्याने फळी परत बसवली. अंडी कोरडी राहिली. आम्ही भिंतीआड येऊन नवऱ्याने पाठवलेला डबा खाल्ला. ऊन आणखी तापलं तसा बसलेला पक्षी उठला, चार पावलं उतरला, पाण्यात बसला, हलला, आणि उठून ओल्या पोटाने परत अंड्यांवर. डबक्याला गेला नाही. भावाने ते बघितलं आणि घास हातातच धरून म्हणाला, अरे, साला. डंपरवाल्याला त्याने तिथूनच फोन लावला आणि अभी पानी है, बारिश के बाद देखेंगे, असं सांगितलं. कायमचं नाही म्हणाला, नंतर बघू म्हणाला. ते नंतरचं भांडण मी नंतर करेन, आणि तेही करेनच.

त्यानंतर मी नोकरी सांभाळून जमेल तेव्हा जात राहिले. पाणी आटत आलं की भाऊ बादल्यांनी टाकायचा, मी सांगितलं नसतानाही. काकू एकदा काठी टेकत बांधाच्या टोकापर्यंत आली, लांबूनच बघितलं आणि परत गेली. आणि काल सकाळी मी पोचले तेव्हा दोन अंडी जागच्या जागी होती आणि दोन नव्हती. मग टिटवीने माझ्यावर झेप घेतली, डोक्यावरून गेली, आणि माझ्या पायाशी मातीचं एक ढेकूळ पळालं. पिल्लू होतं. दुसरं पाण्याच्या कडेला दबून बसलं होतं. राहिलेल्या दोन अंड्यांतून काही निघणार नाही, जोडी ती सोडून गेली. पण दोन निघाली, आई. तुला काय सांगू, मी बांधावर उभी राहून तुला मोठ्याने हाक मारली. गॅरेजवाल्यांनी वळून बघितलं असेल.

भावाला मी सांगितलं, बघ, पाण्याने झालं. काकूला सांगितलं, पाण्याने झालं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही तेच सांगितलं, अगदी ठासून. खरं काय ते फक्त तुला सांगतेय. पाणी सोडलं त्याच्या दोन-तीन दिवसांनंतर आभाळ भरून आलं आणि पिल्लं निघेपर्यंत बरेच दिवस ढग होते, ऊन गेल्या दोन वर्षांसारखं तापलंच नाही. माझ्या पाण्याने झालं की आभाळाने, मला माहीत नाही. माझ्या धंद्यात याला पुरावा म्हणत नाहीत. पण हे भावाला कळलं तर पुढच्या चैत्रात तो उघाडी उघडू देणार नाही, म्हणून हा कागद घरात ठेवायचा नाही. फाडून टाकेन आणि पुढच्या चैत्रातही सगळ्यांना पाण्यानेच झालं म्हणून सांगेन.